कडू न लागलेलं औषध

राजूरच्या धर्मराजला खाटेवर मेलेलं पाहिलं ते त्याच्या बहिणीनं, सगुणाबाईनं. वाटणीच्या कागदासाठी ती माहेरी आली होती. सकाळी खोलीचं दार उघडताच सडक्या लसणासारख्या वासानं ती मागं फिरली. खाटेखाली करड्या भुकटीचा ढीग होता. धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतात, त्या विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्यांचा.

दुपारी सालगडी कल्याणला कोठडीत टाकलं. तुरीत गोळ्या टाकायचं काम त्याचंच. उरलेला डबा त्यानं हलगर्जीपणे मालकाच्या खाटेखाली सारला, असं धर्मराजचा धाकटा भाऊ अंगद म्हणाला. डबा अंगदच्या हाती दिला होता, असं कल्याण सांगत होता. ते कोणी ऐकून घेत नव्हतं. त्याची बायको दैवशाला ठाण्याच्या पायरीवर बसून होती.

फौजदार आकांक्षाला एक गोष्ट पटत नव्हती. एवढा उग्र वास धर्मराजला आला कसा नाही?

"त्याला धुळीची ॲलर्जी व्हती, मॅडम," अंगद म्हणाला. "नाक चोंदलेलंच राह्यचं."

"उशाशी नाकात मारायचा स्प्रे सापडला. त्या रात्री मारला होता?"

"मारला की. तोंड वाकडं केलं. कडू लागतं म्हणून रोज गूळ मागायचा. म्या सोता खडा दिला."

आकांक्षानं बाटली तपासणीला पाठवली आणि औषधाच्या दुकानात गेली. दुकान चालवणाऱ्या तृप्तीला धर्मराज चांगला आठवत होता. मान पुढं वाकवून मारा, असं ती दरवेळी सांगायची. तो मान मागं टाकायचा, मग औषध घशात उतरायचं आणि जीभ कडू व्हायची. पण औषध लागू पडलं होतं. पाव तासात नाक मोकळं होतं, म्हणायचा.

"शेवटची बाटली कधी नेली?"

"आठ दिवसांखाली. अंगददादा घेऊन गेले. मंग धर्मराजकाकांचा फोन आल्ता. म्हणे, आता पाण्यासारखं लागून राह्यलं, नाकबी बंदच. बाटली घेऊन या म्हणलं, पण ते आलेच न्हाईत."

चार दिवसांनी अहवाल आला. बाटलीत नुसतं पाणी होतं.

आकांक्षानं अंगदला आणि सगुणाबाईला ठाण्यात बोलावलं.

"खाटेखालच्या गोळ्या हलगर्जीपणा असू शकतो," ती म्हणाली. "बाटलीतलं पाणी हा हलगर्जीपणा नाही. धर्मराजचं नाक बंद राहावं, त्याला वास येऊ नये, म्हणून कोणीतरी आठ दिवस आधीच तयारी केली. बाटली अंगदनं आणली. कल्याणच्या सांगण्यानुसार गोळ्यांचा डबाही अंगदकडेच गेला. तरी मला शंका होती, कारण पाणी कोणीही भरू शकतं. पण पाणी कडू लागत नाही, अंगद. त्या रात्री धर्मराजनं तोंड वाकडं केलं नाही आणि गूळही मागितला नाही. घडलंच नाही ते तुम्ही का सांगितलं?"

आकांक्षानं सगुणाबाईकडं हात केला.

"सोमवारी धर्मराज बहिणीच्या नावावर तिचा वाटा करणार होता."

"हक्कसोड करायची तिनं," अंगद खाली बघत म्हणाला. "गावात समद्या बहिणी करतेत. ह्यानंच नवं काढलं."

सगुणाबाईनं पदर तोंडात कोंबला.

संध्याकाळी कल्याण सुटला. पायरीवरून दैवशाला उठली, पण जवळ गेली नाही.

"चार दिवस म्याबी तुमच्यावरच शक घेतला," ती म्हणाली.

कल्याण थांबला नाही. ती चार पावलांचं अंतर ठेवून मागं चालू लागली.