समोरच्या गवतात

शिरूरच्या मिशन कंपाऊंडमागं राहणारा केल्विन फौजेत होता, आणि त्याला फोटोचं वेड होतं. दोन्ही गोष्टी एका माणसात नांदणं अवघडच. ठाण्यावर कॅमेऱ्याला बंदी, म्हणून तो वर्षभर घरच्या कपाटात पडून असायचा. सुट्टीवर आला की पठ्ठ्या आधी कपाट उघडायचा, मग बायकोशी बोलायचा.

"निम्मी सुट्टी पलटणीची, निम्मी त्या डबड्याची," ब्लेसी फणकारायची. "आमच्या वाट्याला काय?"

या खेपेला तर सुट्टी अर्ध्यातच तुटली. ताबडतोब हजर व्हा, असा फोन आला. दौंडहून संध्याकाळची गाडी होती, पण केल्विन भर दुपारीच निघाला. वाटेतल्या माळावर लांडगा दिसतो असं त्यानं ऐकलं होतं, आणि तेवढा एक फोटो राहिला होता. ब्लेसीला कळायचं ते कळलं. निरोप द्यायला ती दारातही आली नाही.

सोडायला मल्हारी आला होता, शाळेपासूनचा मित्र. माळाच्या कडेला मोटरसायकल थांबवून तो म्हणाला, "लवकर आटप. हितं मेंढरंबी थांबत न्हाईत."

खरंच, गुडघाभर गवत उभं होतं आणि कुण्या जनावरानं त्याला तोंड लावलेलं नव्हतं.

केल्विन कॅमेरा घेऊन गवतात शिरला आणि पालथा पडला. कोपरं रोवली, डावा डोळा मिटला, श्वास धरला. बंदुकीमागंही तो असाच पडायचा. हळूहळू वारा पडला. किड्यांची किरकिर थांबली. तापलेल्या गवतातून मेलेल्या जनावरासारखा उग्र दर्प वर यायला लागला.

आणि समोरच्या गवतात काहीतरी चमकलं. काच होती. काचेमागं कपाळ होतं.

कुणीतरी त्याच्यासारखंच पालथं पडून त्याच्यावर नेम धरून होतं.

अशी नजर केल्विननं सीमेवर सोसली होती. पण तिथलं वैर वर्दीशी असतं. हे वैर त्याच्या एकट्याशी होतं. कातडीला चटका बसावा तसं ते त्याला जाणवलं.

"कोण हाय...?"

भीतीपेक्षा राग वरचढ झाला. तो उठला आणि ताडताड तिकडं चालत गेला. तिथं कुणी नव्हतं. माणसाच्या अंगाएवढं गवत तेवढं दबलं होतं, कोपरांचे दोन खळगे पडले होते. त्यानं हात लावला. एवढ्या उन्हात तिथली माती विहिरीच्या तळासारखी गार होती.

त्यानं मागं वळून पाहिलं.

मघाशी तो जिथं पडला होता, तिथं कुणीतरी पडलं होतं. तेच कपडे, तेच खांदे, तसाच मिटलेला डावा डोळा. कॅमेरा तर केल्विनच्या गळ्यात होता. मग त्या पडलेल्याच्या हातात काय होतं, ते दिसेना.

केल्विन लांबचा वळसा घेऊन धावत सुटला. "चल, मल्हारी... मागं बघू नको."

मल्हारीनं गाडी पिटाळली. चढावर तो म्हणाला, "आज गाडी लई जड लागती रे."

दौंडला गाडी मिळाली. डब्यात माणसं होती, चहावाले ओरडत होते. केल्विनच्या जिवात जीव आला, आणि मग त्याला ब्लेसीचं न उघडलेलं दार आठवत राहिलं. नगर जवळ आल्यावर त्यानं फोन लावला.

"मी बोलतोय. चुकलं माझं..."

ती कुजबुजली, "कुठनं बोलताय?"

"गाडीतनं. नगर आलं."

"मग मल्हारीभाऊंनी आत्ता कुणाला सोडलं?"

केल्विन बाकावरून ताडकन उठला.

"भाऊ म्हणाले, तुम्ही स्टेशनाभायेरच उभे होता... गाडी चुकली म्हणून आणलं. आल्यापासनं बोलत न्हाईत. दाराशीच फरशीवर पालथे पडलेत... माझ्याकडं तोंड करून."

"ब्लेसी, भायेर पळ! दार उघड आन् पळ!"

"दार..." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "दार त्यांनी लावलंय... आतनं."