मधला स्पीकर

डिसेंबरात उत्तर टोकाच्या त्या बेटावर सूर्य उगवत नाही. दुपारच्या जेवणाच्या सुमारास आभाळ जरा निळसर होतं, तेवढाच काय तो दिवस. त्या निळसर उजेडात सुनिवा फेरीबोटीतून गाडी घेऊन उतरली, तेव्हा मागच्या सीटवर एक भलंमोठं खोकं होतं. बाबांसाठी होम थिएटर.

तिच्या बाबांनी, आयलिफनी, उभा जन्म मासेमारी बोटीच्या इंजिनाशेजारी काढला होता. उजवा कान कधीच गेला होता, डाव्यात थोडंफार शिल्लक होतं. कानातलं यंत्र त्यांनी दोनदा हरवलं; सुनिवाला संशय होता की दोन्ही वेळा ते समुद्रात गेलं. आई होती तोवर अडलं नाही. त्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसून टीव्हीवर कोण काय बोललं ते ती त्यांच्या कानाशी लागून सांगायची. शरद सरता सरता आई गेली. आता बाबा मुक्या पडद्यासमोर एकटेच बसतात, हा विचार सुनिवाला बोडो शहरातल्या तिच्या घरात झोपू देत नव्हता.

"हे काय आणलंस आणखी?" बाबा दारातच म्हणाले.

"आवाज!" ती त्यांच्या डाव्या कानाशी ओरडली. "आता सगळं स्वच्छ ऐकू येईल!"

"मला येतंय की ऐकू," बाबा म्हणाले आणि कॉफी ठेवायला आत गेले.

खोलीत बर्चच्या लाकडाचा धूर आणि ओल्या लोकरीचा वास कोंडला होता. सुनिवानं टीव्ही पुढे ओढला, मागची जळमटं पुसली, केबल लावली. दोन स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, दोन खुर्च्यांच्या मागे, सबवूफर कोपऱ्यात जमिनीवर आणि मधला नेमका टीव्हीखाली. माणसांचं बोलणं त्या मधल्यातूनच येतं, दुकानदारानं बजावलं होतं. तिनं चाचणी लावली. खरखर एकेका स्पीकरमधून खोलीभर फिरून आली. मधलाही ठणठणीत वाजला.

मग तिनं मालिका लावली. कुठल्याशा बंदरगावची, पाद्री आणि कोळ्यांची. लाटा फुटल्या, त्या थेट पाठीमागे. पावलं डावीकडून उजवीकडे गेली. दार करकरलं. पाद्र्यानं तोंड उघडलं आणि... काहीच नाही. ओठ हलत होते. पाऊस वाजत होता. बोलणं तेवढं नव्हतं.

तिनं केबल काढून पुन्हा लावली. दुसरी लावून पाहिली. टीव्हीचं सेटिंग बदललं. सगळं ऐकू येत होतं, पण माणसं मुकी ती मुकीच.

तेवढ्यात मागून बाबा खो खो हसले.

"काय झालं हसायला?"

"अगं तो पाद्री! म्हणतो, देव आला तर त्याला थांबायला सांगा, मी जेवायला बसलोय."

सुनिवानं मालिका जरा मागे नेली आणि पडद्यावर खाली संवादांची अक्षरं सुरू केली. पाद्र्याचे ओठ हलले. खाली उमटलं: देव आला तर त्याला थांबायला सांगा. मी जेवायला बसलोय.

आधी कधीतरी पाहिला असेल हा भाग, तिनं स्वतःला समजावलं. पण मालिका याच आठवड्यात सुरू झाली होती.

ती वाकली आणि मधल्या स्पीकरच्या कापडी जाळीवर तिनं बोटं टेकवली. आतला पडदा थरथरत होता. पाद्री बोलायचा तेव्हा थरथर, गप्प झाला की शांत. आवाज निघत होता. तिच्या बोटांना कळत होता. पण तिच्या कानापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी तो मधल्यामध्ये उचलून घेत होतं.

"बाबा, जरा उठा," ती त्यांच्या डाव्या कानाशी म्हणाली. "मला तुमच्या जागेवरून ऐकायचंय."

"नको बसूस तिथे."

"का?"

बाबांनी आईच्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग उठले.

ती खुर्चीत टेकली. क्षणभर नुसता पाऊस. मग डाव्या कानाशी, केस हलतील इतक्या जवळून, एका बाईचा आवाज पुटपुटू लागला. पाद्र्याचं बोलणं त्याच आवाजात, कोळ्याचंही त्याच आवाजात. ओठ हलून झाल्यावर, किंचित मागाहून. सपाट. अजिबात श्वास न घेता.

तो आईचा आवाज नव्हता.

पडद्यावर आता रिकामा धक्का होता, माणूस एकही नाही. पुटपुट थांबली नाही.

"बसलीस... बरं झालं..."

सुनिवा कधी उठली तिचं तिलाच कळलं नाही. तिनं प्लग उपसून काढला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर आईची उशी तशीच होती.

"कोण आहे ती?" तिनं ओरडून विचारलं.

बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. "तुझ्या आईलाही शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं," ते हळूच म्हणाले. "तुला सांगू नका म्हणाली होती."

"मग ती तुम्हाला कसं सांगायची?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, मला कोणीतरी सांगतं... मी फक्त पुढे सांगते."

तिनं त्यांच्या अंगावर कोट चढवला, शेगडी विझवली आणि परतीची बोट गाठली. खोकं, तारा, सगळं तिथंच राहिलं. बाबांनी फारशी कुरकुर केली नाही. फक्त बोट सुटल्यावर काचेला कान लावून बराच वेळ बसून राहिले, आणि म्हणाले, "गेलं ते बोलणं."

बोडोला ते मुकाट झाले. टीव्हीसमोर बसायचे, पण हसायचे नाहीत. सुनिवाला वाईट वाटायचं, आणि सुटल्यासारखंही वाटायचं.

एका संध्याकाळी तिचा नवरा तार्याय फिनिश सिनेमा लावून बसला होता. खाली अक्षरं उमटत नव्हती म्हणून रिमोटशी झगडत होता.

"काय बडबडतेय ही म्हातारी?" तो वैतागून म्हणाला.

"विचारतेय, विहिरीवरचं झाकण कोणी काढलं," सुनिवा विणकामातून मान वर न करता म्हणाली. "आणि तो म्हणतोय, मी आलो तेव्हा उघडंच होतं."

ती तशीच पुढचं सांगत गेली, तार्याय ऐकत गेला. मग त्यानं रिमोट खाली ठेवला.

"सुनिवा... तुला फिनिश कधीपासून येतं?"

तिच्या सुया थांबल्या.

पलीकडच्या खुर्चीत बाबा पुढे झुकले होते. ते तिच्याकडे नव्हे, तिच्या डाव्या खांद्यापाशी, सोफ्याच्या रिकाम्या कडेकडे बघत होते. जवळचं कोणी दुसऱ्याच्या घरी राहायला जावं आणि आपण ते बघावं, तसे.

"आता काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर नुसतं बर्फ पडत होतं. तिथे कोणीच बोलत नव्हतं. आणि सुनिवाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.