चार नंबरचं गिऱ्हाईक

बेल कुणी नसताना वाजते म्हणता ना? दहातल्या नऊ वेळा आत ओल शिरलेली असते. बसा, उघडून बघते, अर्धा तास लागेल. दहाव्या वेळेचं मात्र विचारू नका, असं मी पूर्वी गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचे. आता विचारलं तर सांगते, पण दिवसाउजेडी आणि दुकानाचं दार उघडं ठेवून.

माझा मामा भूत होता. नोकरीने हो. शहराबाहेरच्या थीम पार्कमध्ये एक भूतगुहा आहे. साखळीने ओढल्या जाणाऱ्या सहा छोट्या गाड्या एकामागून एक आत जातात, अंधारात सात वळणं घेतात आणि पलीकडच्या दाराने बाहेर येतात. चौथ्या वळणावर मामा अठ्ठावीस वर्षं काळा झगा घालून उभा राहिला. गाडी आली की तो उडी मारून पुढे यायचा आणि असं काही किंचाळायचा की बसलेल्यांची बोबडी वळायची. बाकीच्या मुलींचे मामा बँकेत नाहीतर पोस्टात, माझा मामा भूत, त्यामुळे शाळेत माझा भाव भलताच वधारलेला होता. घरी तो झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायचा, हे मी कुणाला कळू दिलं नाही.

मग वय झालं आणि गुडघे गेले. उडीऐवजी मामा भिंतीला धरून हळूच पुढे यायला लागला. मुलं घाबरेनाशी झाली. एकीने तर त्याला 'आजोबा, जपून' म्हणून हात दिला. ते सांगताना मामाचे डोळे भरून आले होते, आणि खोटं कशाला बोलू, मी मात्र तोंडावर हात धरून हसत होते.

हसू लवकरच ओसरलं. पार्कच्या मालकीणबाईंनी त्याला बोलावून सांगितलं की गुहेत कुणी फिरकत नाही, ती पाडून तिथे खाण्यापिण्याचे गाळे काढायचे म्हणते. शाळांच्या सहली आखणाऱ्या एक बाई शनिवारी पार्क बघायला येणार होत्या. त्यांना गुहा आवडली, तर चाळीस शाळा येतील आणि गुहा राहील. नाही आवडली, तर मामाने सोमवारपासून शिट्टी घेऊन पार्किंगमध्ये उभं राहायचं. मामी गेल्यापासून त्या काळोख्या वळणाशिवाय मामाला दुसरं काही उरलं नव्हतं. तो माझ्या दुकानात येऊन याच स्टुलावर बसला आणि म्हणाला, "तू यंत्रं दुरुस्त करतेस. मला कर."

मोठ्या पार्कमध्ये लावतात तसली परदेशी यंत्रसामग्री आणायची तर मालकीणबाईंना अख्खं पार्कच विकावं लागलं असतं. माझ्याकडे गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या वस्तूंचं खोकं होतं. त्यातच जिन्यात लावतात ते सेन्सर निघाले, माणूस जवळ आला की दिवा लावणारे. बेलमधले छोटे स्पीकर होते. सर्दीत वाफ घ्यायचं मशीन होतं, ते उलटं टांगल्यावर धुकं म्हणून छान चाललं. मामाच्या वळणावरच्या जुन्या सांगाड्याच्या जबड्याची सुतळी काढून मी त्याला एका बिघडलेल्या मिक्सरची मोटर जोडली. मामाचं किंचाळणं आमच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलं, तेव्हा शेजारच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या.

या सगळ्याला मामाची एकच अट होती. शिडीवर मी तारा ओढत होते आणि तो खाली शिडी धरून उभा होता, तेव्हा त्याने ती घातली.

"रिकाम्या गाडीला घाबरवायचं नाही."

रिकाम्या गाडीत घाबरायला असतं कोण, असं मी विचारलं. तो म्हणाला, वाद घालू नकोस, गाडी रिकामी आली की मी अंग चोरून भिंतीला चिकटतो, यंत्रानेही तसंच वागायचं. मला त्यात विजेची बचत दिसली, म्हणून मी लगेच ऐकलं. प्रत्येक गाडीच्या बाकाखाली बसलं की दाबला जाणारा स्विच बसवला आणि बाहेरच्या फळीवर सहा छोटे दिवे लावले. गाडीत कुणी बसलं तरच तिचा दिवा लागणार आणि तरच आतलं भूत जागं होणार. आपल्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

शुक्रवारी भर दुपारी चाचणी घेतली. बाहेर लख्ख ऊन, आणि आत हात डोळ्यांपुढे धरला तर दिसू नये इतका काळोख. जुन्या रंगाचा, वंगणाचा आणि थोडासा कुबट वास. मी चौथ्या वळणावर मामाच्या स्टुलावर बसले, मामा बाहेर फळीपाशी. सहाही गाड्या रिकाम्या सोडायच्या आणि यंत्रं गप्प राहतात ना ते बघायचं, एवढंच काम होतं.

साखळी कुरकुरली. पहिली गाडी समोरून गेली, काही झालं नाही. दुसरी गेली, तिसरीही गेली. चौथी आली आणि दिवा भपकन पेटला, सांगाड्याने जबडा उघडला, मामा स्पीकरमधून किंचाळला. गाडीत कुणी नव्हतं.

स्विच अडकला असेल म्हणून मी नवा बसवला. पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला मी चौथ्या गाडीची तारच कापली आणि टोकं टेपने गुंडाळून टाकली. आता दिवा लागायला काही आधारच नव्हता. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. बाहेरून मामाचा आवाज आला, अगदी हळू.

"अगं... चारचा लागलाय."

दिवा पेटला. जबडा उघडला. आणि या वेळी किंचाळी संपल्यावर मला गाडीतून आवाज आला. कुणीतरी दचकून श्वास आत ओढतं ना, तेवढाच. गाडी पुढच्या वळणाला गेली तरी तो श्वास कुणी सोडला नाही. माझी तर पाचावर धारण बसली. उरलेली वळणं मी भिंत चाचपत पार केली आणि बाहेरच्या उन्हात येऊन पायरीवर बसले.

मामाने पाणी दिलं आणि आधी विचारलं काय, तर "दचकलं का?" मग तो सांगायला लागला. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने चुकून रिकाम्या गाडीवर उडी मारली होती, तेव्हा असाच श्वास ऐकला आणि तीन दिवस ताप काढला. तेव्हापासून त्याने त्या गाडीला कधी त्रास दिला नाही. ते कोण, कुठलं, कधीपासून, त्याला काही ठाऊक नव्हतं. "तिकीट काढत नाही, पण आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. "अठ्ठावीस वर्षांत एक दिवस खाडा नाही."

मला पळून जायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि मामाच्या गळ्यात शिट्टी मला बघवली नसती.

सहलवाल्या बाई आपल्या जुळ्या मुली घेऊन आल्या. बारा वर्षांच्या असतील, जगातल्या सगळ्या राइड करून कंटाळलेल्या. बाई दुसऱ्या गाडीत बसल्या, मुली तिसरीत. मालकीणबाई बाहेर फळीपाशी थांबल्या. मी आणि मामा चौथ्या वळणावर भिंतीआड, काही बिघडलं तर हाताशी असावं आणि चौथी गाडी आली की यंत्रं बंद करावीत म्हणून. मामाने झगा घातला होता. कशाला घातलास म्हटलं तर म्हणाला, इथे उभं राहायचं तर गणवेश हवा.

बाईंच्या गाडीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बाईंनी जांभई दिली, ती मी स्वतः ऐकली. मग मुलींची गाडी आली. धुकं सुटलं, दिवा पेटला, सांगाडा बोलला.

"मिक्सर आहे," एक मुलगी म्हणाली.

"वायर पण दिसतेय," दुसरी म्हणाली, आणि दोघी खिदळल्या.

मी मामाकडे पाहिलं. दिव्याच्या त्या विझत्या उजेडात त्याचा चेहरा इतका केविलवाणा दिसला की मला रडू आलं. अठ्ठावीस वर्षं दोन पोरींच्या हसण्यात वाहून गेली होती. तेवढ्यात मागून चौथी गाडी वळणावर आली, रिकामी. मामाने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा हसणाऱ्या मुलींच्या दिशेला.

"माफ कर बाबा," तो पुटपुटला. "नोकरीचा प्रश्न आहे."

आणि त्याने उडी मारली. तसल्या गुडघ्यांनी, तरण्याताठ्या वयात मारायचा तशी. तो किंचाळला, आणि मग रिकाम्या गाडीतून जे किंचाळलं ते... ते मी तुम्हाला करून दाखवणार नाही. माणूस श्वास घ्यायला जिथे थांबेल तिथे ते थांबलं नाही. साखळीची कुरकुर, मुलींचं हसू, सगळं त्याने पुसून टाकलं. माझ्या हातातली पकड पायावर पडली तरी मला कळलं नाही. पुढच्या गाडीत त्या दोन्ही मुली 'आई, आई' म्हणत एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

बाहेर आल्या तेव्हा दोघी पांढऱ्याफटक. मी मनात म्हटलं, झालं, आता पोलीस येणार. तेवढ्यात एक म्हणाली, "परत जाऊया?"

बाईंनी चाळीस शाळा तिथेच पक्क्या केल्या. मालकीणबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की तो शेवटचा आवाज केवढ्याचा. मी म्हटलं, जुनाच होता, फक्त चालू करायचा राहिला होता. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मामाला गुहेचा प्रमुख करून टाकलं.

पुढचे तीन आठवडे बहरच होता. चार नंबरची गाडी आम्ही 'दुरुस्तीत आहे' अशी पाटी लावून रिकामी ठेवायचो, आणि तिचा दिवा दर फेरीला लागायचा, आतलं यंत्र जागं व्हायचं आणि ते गिऱ्हाईक किंचाळायचं. मामा आता बाहेर माझ्या शेजारी खुर्चीत बसे आणि किंचाळीला मान डोलवून दाद देई. मलाही सवय झाली. भीती गेली म्हणणार नाही, पण कौतुक वाटायला लागलं.

एका बुधवारी चारचा दिवा लागला नाही. गाडी आत गेली, शांतपणे बाहेर आली. "गेलं वाटतं," मी म्हटलं. खरं सांगते, मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. सेन्सर तपासायला म्हणून मी आतली सगळी यंत्रं बंद केली आणि पुढची फेरी तशीच सोडली. पहिली गाडी चौथ्या वळणावर पोचली असेल नसेल, आतून अशी किंचाळी आली आणि पाठोपाठ मुलांचा असा कल्लोळ, की मामाच्या हातातला कप निसटला. ती किंचाळी घाबरलेल्याची नव्हती. घाबरवणाऱ्याची होती. ती मामाची होती, आणि मामा माझ्या शेजारी बसला होता.



"गाडीतून उतरलं," मामा म्हणाला. "माझ्या जागेवर उभं आहे. आयत्या बिळावर नागोबा." त्याचा चेहरा पडला. यंत्रांना त्याने टक्कर दिली असती, पण याला काय देणार? मालकीणबाईंना कळलं असतं की गुहा आता मामाशिवाय चालते, तर शिट्टी पुन्हा समोर आलीच. मग पुढची गाडी आत गेली, आणि तो कान देऊन ऐकत राहिला. हळूहळू त्याची मान ताठ झाली.

"घाई करतंय," तो म्हणाला. "गाडी पुरती वळू द्यायला हवी. कच्चं आहे अजून. शिकवावं लागेल."

तेव्हापासून रोज पाच वाजता, पार्क बंद झालं की मामा आत जातो. मालकीणबाईंनी विचारलं तर मी देखभाल चालली आहे म्हणून सांगते. मी बाहेर पायरीवर बसते. ऊन असतं, गवताचा वास असतो, आणि आतून मामाचा शांत, समजावणीचा आवाज येत असतो. आधी श्वास धरायचा. मग मनात तीन मोजायचे. अगदी लहान मूल असेल तर नुसतं बघायचं, ओरडायचं नाही. इतका आनंदात मी त्याला मामी गेल्यापासून पाहिलेला नाही. त्याच्या प्रत्येक वाक्यानंतर काळोखातून बारीकसं 'हो' येतं. पहिले काही दिवस ते ऐकलं की माझ्या अंगावर काटा यायचा, मग मी त्यालाही सरावले.

परवा मात्र 'हो' एकट्याचं आलं नाही. वर्गात बाईंनी विचारल्यावर येतं तसं एका सुरात आलं.

मामा बाहेर आला तो घाम पुसत, खुशीत. म्हणाला, "उद्या येताना पाच स्टुलं घेऊन ये. स्वस्तातली चालतील."

 काल नेऊन दिली. आज सकाळी त्याचा फोन आला होता, पाच पुरली नाहीत म्हणून.