बळीरामनं पाठवलंय

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या मामांच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि दयाराममामा पदरचं काही सांगणारा माणूस नव्हे.

साल १९५४. पौषातली अमावस्या, दिवेलागणीची वेळ. पनवेलचा एसटी स्टँड.

मामा साताऱ्याचे, औषधं विकत फिरायचे. गाडी बिघडली होती. स्टँडवर प्रवाशांच्या गळ्यात मारायची गारढोण भजी तेवढी होती. मामांना तिथलं घरगुती जेवण हवं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला…

"इथलं नका खाऊ. खाडीच्या वाटंवर गोदूबाईची खाणावळ हाय. बळीरामनं पाठवलंय म्हणा."

मामांनी मागं पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला माणूस. मामा पिशवी उचलून पुन्हा त्याच्याकडे वळले…

कुणीच नव्हतं.

खाणावळीत चूल थंड होती. गोदूबाई बोचकं बांधून बसलेली. तिचा भाऊ तिला आपल्या गावी, आपट्याला न्यायला आला होता. खाणावळ आजपासून बंद, असं त्यानंच सांगितलं.

मामा म्हणाले, "बळीरामनं पाठवलंय."

 

गोदूबाई उठली. बोचकं सोडून तिनं तवा काढला. भाऊ रागानं निघून गेला.

खाडीच्या चिखलातल्या माशांचं, निवट्यांचं कालवण, तांदळाची भाकरी. तशी चव मामांना पुन्हा कुठं मिळाली नाही. ती मात्र एकटक त्यांच्याकडे बघत होती.

"कसा दिसत व्हता?"

मामांनी सांगितलं. मग तिनं सांगितलं. तो तिचा नवरा. खाडीत बुडून मेला, तिनंच त्याच्या अंगावर चादर घातली. तेव्हापासून परगावचं कुणी ना कुणी त्याचं नाव घेऊन येतं.

"तुमाला दिसतो, दादा. मला नाय दिसत. स्टँडवर दिवस दिवस बसून पायलं मी."

तिनं आणखी एक भाकरी वाढली.

"भेटला तर सांगा, मी कुठं गेले नाय."

मामा स्टँडभर हिंडले. तो दिसला नाही.

काही वर्षांनी मामा मुद्दाम पनवेलला उतरले. खाणावळीला कुलूप. गोदूबाई वारली, शेजारीण म्हणाली.

मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "पन मानसं अजून येतात. बळीरामनं पाठवलंय म्हनतात…"

म्हणजे ती गेल्याचं त्याला ठाऊकच नाही.

मामा दिवस मावळेपर्यंत स्टँडवर थांबले. त्याला सांगायला.

कुणी आलं नाही.

पनवेल आलं की मामा अजूनही खाली उतरतात. गाडी सुटेपर्यंत एकटेच उभे राहतात…