चार नंबरच्या टाकीची पातळी

सेन्सर बसवल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो; म्हणजे सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही तसं म्हणायला नको.

मी पाणीखात्याच्या कंट्रोल रूममध्ये बसतो. पूर्वी टाकीत किती पाणी आहे ते माणूस वर चढून बघायचा. आता प्रत्येक टाकीच्या छताला एक डबी लावली आहे. ती खाली आवाज सोडते, तो आपटून परत आला की पातळी कळते. पातळी उतरली की संगणक स्वतःच पंप चालू करतो. साहेब खूश. रोजची बोंबाबोंब माझ्या कानाशी.

त्या दिवशी चार नंबरची टाकी धुवायला काढली होती. धुणाऱ्यांचा मुकादम म्हणजे माझे दाजी, ताईचे यजमान. टाकी रिकामी, दुपारचं लख्ख ऊन, आणि माझ्या पडद्यावर पातळी एक मीटर बासष्ट. मी वैतागून दाजींना फोन लावला. डबीखाली कोणीतरी उभं आहे, त्याला बाजूला करा, म्हणालो. कारण त्या डबीला पाणी काय नि माणसाचं डोकं काय, सारखंच.

"आम्ही सगळे बाहेर झाडाखाली जेवतोय," दाजी म्हणाले. "आत कोणी नाही."

आकडा हलेना. सेन्सरच्या कंपनीला फोन केला, तर तिथला इंजिनिअर जांभई देत म्हणाला, कोळ्याचं जाळं असेल; तोवर त्या सेन्सरचं ऐकूच नका, शून्य धरा. मी शून्याचं बटण दाबलं आणि दाजींना म्हणालो, एकदा आत जाऊन तेवढं जाळं काढा, माझ्या डोक्याचा ताप तरी जाईल. दाजींनी हातातला घास खाली ठेवला असणार. माझं काम त्यांनी कधी टाळलं नाही.

मग एका बाईचा फोन आला. नळाला पाणी नाही, तुम्ही झोपा काढता का, वगैरे. तिच्याशी वीस मिनिटं हुज्जत घातली. फोन ठेवला तेव्हा शेजारच्या पंपघरातून घरघर ऐकू येत होती.

शून्य पाहून संगणकाने पंप चालू केला होता. आपोआप चालणारा पंप बंद करून ठेवायचं मी विसरलो होतो. मीच.

बंदचं बटण दाबलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. पंपघरात धावलो आणि मेन स्विच ओढला. परत येऊन सेन्सरवरचं शून्य काढलं. आकडा आला... तीन मीटर. दाजींना पोहता येत नाही. ताईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. टेकडी कशी चढलो, आठवत नाही.

दाजी टाकीच्या झाकणाशी बसले होते. गळ्यापर्यंत भिजलेले, केस कोरडे. मी रडलो, लाज कसली. मग आत वाकून पाहिलं. पाणी दीड मीटरही नव्हतं, आणि ओल्या गंजाचा वास नाकात गेला.

तीन मीटर आलं कुठून?

हळूहळू दाजी बोलले. बाकीचे जेवून झाडाखाली आडवे झाले होते, त्यांची हाक कोणाला ऐकूच गेली नाही. लोखंडी शिडीच्या खालच्या पायऱ्या केव्हाच गंजून गेल्यात. म्हणून लावलेली बांबूची शिडी पाण्याच्या लोटाने मोडली. वरच्या पायरीला हात पोचेना. तेव्हा...

"तेव्हा काय?"

"कोणीतरी खांदा दिला. डबीखालीच उभा होता."

"कोण?"

"तोंड दिसलं नाही. म्हणाला, या वेळी तुम्ही वर, पुढच्या धुण्याला तुम्ही खाली... नि मी वर."

"आणि तुम्ही?"

"हो म्हणालो. खांद्यावर उभा होतो ना रे. नाही कसं म्हणणार?"

ताईला यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. पुढचं धुणं सहा महिन्यांनी होतं. तोवर दाजींची बदली करून घेऊ, असा माझा बेत होता.

काल नववा दिवस. पाण्याचा गढूळपणा मोजणारा दुसरा सेन्सर अचानक बोंबलायला लागला: चार नंबर, टाकी धुवा. मी जाऊन बाटली भरून पाहिली. पाणी अगदी नितळ. साहेबांपुढे बाटली ठेवली, तर म्हणाले, यंत्र खोटं बोलत नाही. त्यांच्याशी भांडलो. आणि दाजींच्या कानावर काहीच जाऊ दिलं नाही.

आज सकाळी ताईचा फोन आला. भयंकर चिडली होती.

"तुमच्या खात्यातला एकजण यांना बोलवायला आला होता. हे तसेच त्याच्याबरोबर निघून गेले, डबासुद्धा नेला नाही. कोण रे तो? उंबऱ्यात सगळं पाणीच पाणी करून ठेवलंय."