मिनी बुलेट आणि पुढचा रविवार

पावसानं आत ढकललेला माणूस गिऱ्हाईक नसतो, हे विजयमालाला चांगलं ठाऊक होतं. असा माणूस उघडीप पडेपर्यंत गाड्या बघतो, उगाच किमती विचारतो आणि ढग पांगले की चालू लागतो. म्हणून त्या दुपारी एक पोरगा निथळत पत्र्याखाली शिरला तेव्हा तिनं मान वर केली नाही. डिझेलच्या डब्यात चेन बुडवून ती घासत राहिली.

"ही छोटी बुलेट चालती, का नुसती शोभेला हाय?"

आता तिनं बघितलं. केसांतलं पाणी डोळ्यांत उतरत होतं, तरी त्याची नजर मिनी बुलेटच्या लाल टाकीवरून हलत नव्हती.

"चालती की. पर माणूस बघून चालती."

"मग मी कसा वाटतोय?"

"लय भिजलेला," ती म्हणाली आणि पुसायचं फडकं त्याच्याकडं फेकलं. ते ग्रीसचं होतं. त्यानं तोंड पुसलं, गालावर काळा पट्टा उमटला... आणि ती हसली. तिथंच सगळं बिघडलं म्हणायचं.

तो राजवर्धन. विट्याचा. घरचा सोनं गाळायचा धंदा, दुकान तिकडं तमिळनाडूत, सेलमला. वडील वारले म्हणून गावी आला होता आणि दसऱ्यानंतर परत जायचा होता. साताऱ्यात कचेरीचं काम निघालं आणि पावसानं त्याला या शेडपर्यंत आणलं.

शेड विजयमालाच्या वडिलांची, आकाराम हवालदारांची. फौजेच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस. गावोगावच्या गोठ्यांतून, कडब्याखालून जुन्या मोटरसायकली हुडकून आणायच्या, नीट करायच्या आणि बऱ्यापैकी मोबाइलला पडतात तेवढ्या पैशात विकायच्या. राजदूत, येझदी आणि आता कुणाला नावंही आठवणार नाहीत अशा कितीतरी. नियम मात्र एकच. गाडी रविवारी सकाळी, गार इंजिनावर, गिऱ्हाइकाच्या देखत पहिल्या किकला सुरू झाली तरच द्यायची. आधी गरम करून ठेवलेली गाडी विकणं म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध चोरी.

अलीकडं त्यांचे हात थरथरायचे. बाकीचं काम लेकीनं हळूहळू आपल्याकडं घेतलं, पण ठिणगी पाडणाऱ्या प्लॅटिनमची फट मात्र ते स्वतःच लावायचे. तेवढं एक त्यांनी कुणाला दिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी गाडी खरोखरच सुरू झाली नाही. हवा दमट होती, दुसरं काही नाही.

"पुढच्या रविवारी या," विजयमाला म्हणाली.

"येतो की. आमाला कुठं घाई हाय?"

मग त्यानं आल्याचा चहा घेतला आणि सेलमच्या गोष्टी सांगितल्या. ॲसिडच्या धुरानं भरलेली खोली, पिवळी पडलेली नखं, मराठीत भांडायलाही कुणी न मिळणं... "म्हणून म्हटलं, गावाकडचा आवाज करणारं कायतरी संगं न्यावं."

"गाडीच का? माणूस न्या की एखादं," ती बोलून गेली.

आणि लगेच ती कप विसळायला पळाली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी विजयमालानं मिनी बुलेटच्या बाजूचं झाकण उघडलं आणि प्लॅटिनमच्या फटीत कागदाचा बारीक कपटा सरकवला, ठिणगीच पडू नये म्हणून. गाडी विकली की हा येणार कशाला? एवढाच तिचा हिशोब. रविवारी त्यानं किक मारमार मारली. गाडी हूं की चूं नाही.

"पुढच्या रविवारी या..."

असं भाद्रपदभर चाललं. तो येई. घामाघूम होई, चहा पिई. कधी तिच्यासाठी चाफा आणून हँडलला अडकवून ठेवी आणि विचारलं की म्हणे, "मला काय म्हायती, गाडीलाच फुटला आसंल." तो गेला की विजयमाला कपटा काढून टाके. सोमवारी आकाराम किक मारत, तर गाडी पहिल्या झटक्याला सुरू! म्हातारा चक्रावून गेला. आपण लावलेली फट टिकत नाही, दुसरं काय? हळूहळू त्यांनी बोलणं कमी केलं, हत्यारांच्या पेटीकडं जाणं टाळलं.

"माझा हात गेला, पोरी," एक दिवस ते म्हणाले. "दसऱ्याला शेड बंद करू."

विजयमालाच्या घशाशी शब्द आले होते... पण एकच रविवार अजून, असं म्हणत तिनं ते गिळले. प्रेमात माणूस इतका आपमतलबी होतो, हे तिला तेव्हा कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

त्या रविवारी राजवर्धन आलाच नाही. पुढच्याही नाही. कपटा काढून ती वाट बघत बसली.

तो आला तो आडवारी, पावसाच्या झडीत, एका जुन्या राजदूतवरून. हातात पेढ्यांचा पुडा.

"सांगलीत घेतली," तो गाडीकडं न बघताच म्हणाला. "आणि... परवा माझी सुपारी फुटली. तासगावची हाय. रेश्मा."

पत्र्यावर पाऊस बदबदत होता. विजयमालानं पुडा घेतला, ठेवायला जागा सापडेना.

"आमची गाडी नगं झाली व्हय?"

"तुमालाच द्यायची नव्हती." त्यानं मिनी बुलेटच्या झाकणाकडं बोट केलं. "शेवटच्या रविवारी तुमी चहा आणाय गेला तवा मी झाकण उघडून बघितलं. कागद दिसला. मी परत लावून ठेवलं. आमच्या धंद्यात संशयाचं सोनं कुणी आणलं की तोंडावर न्हाई म्हणत न्हाईत, पुढच्या आठवड्याला या म्हणत्यात. शाण्या माणसानं समजून घ्यायचं. मी समजून घेतलं."

"आवं..." ती पुढं आली. "आवं, तुमी यावं म्हणून घातला हुता कागद! गाडी गेली आसती तर तुमीबी गेला आसता."

त्यानं लाल टाकीवर हात ठेवला. म्हणाला, "घरात इचारलं मला, कोन मनात हाय का म्हणून. मी न्हाई म्हणालो."

"मोडता येतंय का?" हे तिनं विचारलं, आणि विचारल्याबरोबर तासगावची ती न पाहिलेली पोरगी तिला दिसली. "खूश हाय का ती?"

"व्हय. लय."

"मग जावा," विजयमाला म्हणाली. "पावसाचं सावकाश चालवा."

तो वळला आणि त्यानं किक मारली. राजदूतचा आवाज हमरस्त्याच्या गर्दीत मिसळेपर्यंत ती उभी होती.

मग ती आत गेली. आकाराम खिडकीशी पाठमोरे बसले होते.

"आप्पा, तुमचा हात गेल्याला न्हाई. फट बरोबरच हुती. मी कागद घालत हुते... ते यावंत म्हणून."

ते वळले. आधी काही उमगलं नाही, मग उमगलं, आणि कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. दोन्ही हात त्यांनी डोळ्यांसमोर धरून न्याहाळले. मग लेकीच्या हातातला पेढ्यांचा पुडा त्यांना दिसला आणि ते हसू कुठं लपवावं हे त्यांना कळेना.

"गेला व्हय गं तो?"

तिनं मान हलवली.

"मला बरं वाटलं म्हणून राग धरू नगंस, पोरी."

"न्हाई धरत, आप्पा," विजयमाला म्हणाली, आणि त्यांचे थरथरते हात हातात घेऊन ती रडायला लागली.