अक्काच्या गाडीचा ब्रेक

ही घडलेली गोष्ट आहे. शंभूराजने ती एकदाच सांगितली, तीही मान खाली घालून. भीतीपेक्षा त्याला लाजच जास्त वाटत होती.

रात्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार. व्हाइटफील्डच्या मागच्या गल्लीतलं त्याचं गॅरेज.

त्याच्या थोरल्या बहिणीची, अंबुअक्काची, गाडी चालता चालता बंद पडायची. शंभूने फ्यूज, वायरी, अर्थिंग सगळं तपासलं. दोष निघाला ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या मेंदूत. पाणी शिरून आतलं सर्किट गेलं होतं. नवं यायला वेळ होता आणि अक्काला नातवाच्या बारशाला निपाणी गाठायची होती.

तो भंगारवाल्या योगीराजकडे गेला आणि अपघातातल्या एका गाडीचं ईसीएम उचललं.

"ते नको, अण्णा," योगीराज म्हणाला. "त्या गाडीतली बाई जागेवर गेली. अशा गाडीचं सामान आम्ही लिंबू कापल्याशिवाय देत नाही. उद्या या."

"कॉम्प्युटरला कसलं लिंबू?" शंभू हसला आणि घेऊन आला.

अक्काला फोनवर म्हणाला, "नवंकोरं टाकतोय."

बसवलं. चावीचा कोड जुळवला. इंजिन लगेच सुरू झालं. बाहेर उभं राहून त्याने गाडीला जोडलेला स्कॅनर पाहिला.

गाडीत कोणी नव्हतं...

स्क्रीनवर आलं : ब्रेक दाबलेला.

मग सुटला.

पुन्हा दाबला. पुन्हा... पुन्हा... घाईघाईने.

"स्विच गेला असेल," तो स्वतःशीच म्हणाला. दार उघडून वाकला.

पेडल तळाला टेकलं होतं.

त्यावर पाय नव्हता...

त्याने इंजिन बंद केलं. पेडल हळूच वर आलं.

तेवढ्यात बॅग घेऊन अक्का आली. "झाली का रे?"

खरं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"टेस्टिंग... स्वल्प बाकी आहे, अक्का. तू बसने जा."

"सरी, ठीक आहे." तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. बारशाला जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, शंभू मला किती जपतो.

ते मॉड्यूल त्याने परत नेलं. योगीराजने फक्त लिंबू कापलं.

मग खरोखरचं नवं आलं. बसवलं. स्कॅनरवर सगळं ठीक.

परवा अक्का गाडी घेऊन गॅरेजवर आली.

"काही बिघडलं का?"

"छे रे. ब्रेक किती हलका करून दिलास ते सांगायला आले. पाय टेकवायच्या आधीच लागतो."

शंभूने तिला अडवलं नाही. बोलायचं तर सुरुवातीपासून बोलावं लागलं असतं.

अक्का हसत निघाली. समोर रस्ता मोकळा होता.

मागचे लाल दिवे लागले... विझले...

पुन्हा लागले. घाईघाईने.